जिनिव्हाचं भांडण आणि आमचा जालना रोड

तर झालं असं, की मागच्या वीकांताला एका लग्नासाठी गावी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. (२०२३ पासून पाट्या बदलल्या, पण आमच्या घरात जिभेवर अजून 'औरंगाबाद'च बसलंय. बदलेल हळूहळू.) लग्न माझ्या इंजिनिअरिंगच्या काळातल्या मित्राचं. नवरामुलगा कॅथलिक, नवरीमुलगी जालन्याची, प्रोटेस्टंट. दोघंही पुण्यात आयटीत.

सहा महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. घरी वादळ उठलं होतं. मी अगदी निरागसपणे विचारलं, "अरे, दोघं ख्रिश्चनच ना? मग प्रॉब्लेम काय?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या लग्नात देशस्थ-कोकणस्थावरून तुझी आत्या किती दिवस बोलत नव्हती रे?"

मी गप्प. मुद्दा पोचला होता.

त्याच्या आईचं म्हणणं, लग्न आपल्या देवळात फादरांच्या हातूनच झालं पाहिजे, आणि पोरीनं घरात मरियामातेचा मान ठेवला पाहिजे. तिकडे मुलीचे आजोबा. निवृत्त शिक्षक, रोज पहाटे उठून बायबल वाचणारे. त्यांचा प्रश्न एकच होता, पण टोकदार: उद्या मुलं झाली तर त्यांचा बाप्तिस्मा कुठे? आणि स्वतः मुलगी दुखावली होती ती एका शब्दामुळे. लग्नासाठी कॅथलिक बिशपांची 'परवानगी' लागते असं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "मी जन्मापासून चर्चमध्ये जाते. माझ्याशी लग्न करायला परवानगी कसली?"

मित्र मला म्हणाला, "तू शनिवार-रविवारी काहीबाही वाचून लिहीत असतोस ना? मग जरा हेही वाच आणि सांग, आम्ही नेमकं कशावरून भांडतोय. घरात कोणालाच नीट सांगता येत नाहीये."

हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

*

वाचायला बसलो आणि पहिल्याच दिवशी उडालो. हे भांडण जिथे पेटलं त्यातलं एक शहर म्हणजे स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा, आणि त्याचा एक धागा थेट आमच्या जालना रोडवर येऊन पोचतो.

जालना रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाला सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे नाव माहीत आहे. शाळा माहीत असते, चर्च माहीत असतं. पण हा डी सेल्स कोण, हे मी उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. हा माणूस (१५६७-१६२२) जिनिव्हाचा कॅथलिक बिशप होता. गंमत अशी, की त्याला जिनिव्हात राहताच येत नव्हतं! जिनिव्हानं १५३५ मध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, बंद केली. १५३६ मध्ये तिथे जॉन कॅल्व्हिन आला आणि बघता बघता ते शहर प्रोटेस्टंट जगाची राजधानी होऊन बसलं. त्यामुळे जिनिव्हाचे बिशप बिचारे जवळच्या अ‍ॅनसी गावात बिऱ्हाड करून राहत. आपल्याच शहराच्या वेशीबाहेर राहणारा अधिकारी, असा सगळा प्रकार.

तरुणपणी या फ्रान्सिसला जिनिव्हाजवळच्या शाब्ले भागात पाठवलं. तिथले लोक प्रोटेस्टंट झालेले. त्याचं प्रवचन ऐकायला कोणी येईना. मग त्यानं काय करावं? आपलं म्हणणं छोट्या छोट्या कागदांवर लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकवायला सुरुवात केली. यामुळेच पुढे १९२३ मध्ये पोपनी त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवलं. म्हणजे आमच्यासारख्या न मागता लिहिणाऱ्यांचाही तोच म्हणायचा. १५९७ मध्ये तो कॅल्व्हिनचा वारस थिओडोर बेझा याला जिनिव्हात जाऊन भेटला. दोघांनी सभ्यपणे वाद घातला, कोणाचंच मत बदललं नाही. तो काळ पाहता हेही खूप होतं. कारण त्याच जिनिव्हानं १५५३ मध्ये त्रैक्य नाकारणाऱ्या सर्व्हिटसला जिवंत जाळलं होतं, आणि कॅथलिकांचं इन्क्विझिशन तर आपल्या गोव्यातच १५६० मध्ये सुरू झालं होतं. शाब्ले पुन्हा कॅथलिक झालं त्यात चिठ्ठ्यांइतकाच तिथल्या ड्यूकच्या सत्तेचाही वाटा होता, हेही सांगायला हवं. हात दोन्हीकडचे स्वच्छ नाहीत.

याच अ‍ॅनसीत १८३८ मध्ये डी सेल्सच्या नावानं फादर मेर्मिए यांनी एक मिशनरी संघ काढला. त्याचे लोक १८४० च्या दशकात भारतात आले, आणि १८९० च्या दशकात फादर गुरियन जाकिये नावाचे फ्रेंच धर्मगुरू मराठवाड्यात घोगरगावला येऊन राहिले. गावकरी त्यांना 'गुरियन महाराज' म्हणत. मराठवाड्यातल्या कॅथलिक समाजाची मुळं बरीचशी तिथे आहेत. १९७७ मध्ये औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला.

आता जालना रोडचं दुसरं टोक, साठेक किलोमीटरवरचं जालना. मुलीचं गाव. तिथलं जुनं मिशन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचं. आणि स्कॉटलंडला प्रोटेस्टंट करणारा जॉन नॉक्स शिकला कुठे? कॅल्व्हिनच्या जिनिव्हात! म्हणजे जिनिव्हाच्या वेशीबाहेरचे आणि वेशीच्या आतले, दोघंही तीनशे वर्षांनी मराठवाड्यात एकाच रस्त्याच्या दोन टोकांना येऊन बसले. माझ्या मित्राचं लग्न म्हणजे त्या रस्त्यावरची वरात.

जालन्याच्या मिशनची गोष्ट तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. ते उभं केलं कोणा गोऱ्या साहेबानं नव्हे, तर रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणानं. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, प्रकरण मुंबईत तेव्हा प्रचंड गाजलं. कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी 'बेथेल' नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. १८९१ मध्ये अमेरिकेहून परतताना बोटीवरच ते वारले.

खुद्द औरंगाबादेत अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम दीर्घकाळ सांभाळलं रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी. हे मूळचे पारशी. आणि छावणीतलं क्राइस्ट चर्च आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिलेलं असतं.

म्हणजे बघा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या भागात ख्रिस्ताचं नाव सांगायला एक ब्राह्मण, एक पारशी आणि एक फ्रेंच, तिघं तीन वेगळ्या चर्चांचे. आणि ऐकणारे कोण? बहुतेक गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग समाजातले लोक. नगर जिल्हा आणि मराठवाडा या पट्ट्यात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आणि पुढेही वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. त्यात दुष्काळातली मदत होती, शाळा होती, माणूस म्हणून मिळणारी वागणूक होती, आणि श्रद्धाही होती. यातलं एकच कारण निवडून बाकीची खोडणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय होईल. आपण कॅथलिक व्हायचं की प्रोटेस्टंट, हे मात्र बऱ्याचदा आपल्या गावात आधी कोण पोचलं यावर ठरलं. एका गावात फादर आले, दहा कोसांवर पाद्रीसाहेब. एका बहिणीचं सासर या गावात, दुसरीचं त्या गावात.

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "आमच्या दोघांच्या आज्यांची माहेरं वैजापूर तालुक्यातलीच. शेजारच्या गावांतली. एकीच्या गावात मिस्सा, दुसरीच्या गावात उपासना. बाकी दोघींच्या हातची शेंगदाण्याची चटणी सेम."

*

बरं, आता मूळ प्रश्न. भांडण कशाचं?

सुरुवात सगळ्यांना साधारण माहीत असते. ३१ ऑक्टोबर १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथर नावाचा संन्यासी-प्राध्यापक, ९५ मुद्दे. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, त्याविरुद्ध त्याची तक्रार. 'प्रोटेस्टंट' हा शब्द मात्र नंतरचा, १५२९ मध्ये जर्मन राजांच्या सभेत काहींनी निषेध नोंदवला त्यावरून आलेला. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत (१५४५-६३) सविस्तर उत्तर दिलं, आणि दारं बंद झाली.

मला समजलं त्याप्रमाणे बाकी सगळे फरक एका प्रश्नातून फुटतात: शेवटचा शब्द कोणाचा?

प्रोटेस्टंट म्हणतात, पवित्र शास्त्राचा. चर्च चुकू शकतं, पोप चुकू शकतो, तपासायची कसोटी एकच, बायबल. कॅथलिक म्हणतात, बायबल तर आहेच, पण ते कोणाच्या हातून आलं? कोणती पुस्तकं त्यात घ्यायची हे चर्चनंच ठरवलं ना? तेव्हा शास्त्र, प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा आणि तिचा अर्थ लावणारं चर्चचं शिक्षण, हे तिन्ही एकत्रच धरायचं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एक पक्ष म्हणतो स्पेसिफिकेशन वाचा, त्यात सगळं आहे. दुसरा म्हणतो, नुसत्या स्पेसिफिकेशनवरून चार टीम चार प्रॉडक्ट बनवतील, मेंटेनर लागतोच. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे ज्यानं कधी प्रोजेक्ट केलंय त्याला कळेल. (आणि प्रोटेस्टंटांच्या खरंच चारशे टीम झाल्या, हेही खरं.)

मग या पुस्तकातसुद्धा फरक आहे. नवा करार दोघांचा एकच, २७ पुस्तकांचा. पण जुन्या करारात कॅथलिकांची सात पुस्तकं जास्त आहेत: टोबिट, यहुदीथ, मक्काबींची दोन वगैरे. त्यामुळे एकूण ७३ आणि ६६. दहा आज्ञा दोघांच्या त्याच, पण मोजणी वेगळी! व्यभिचार करू नको ही कॅथलिकांची सहावी आज्ञा, आणि अँग्लिकन-प्रेस्बिटेरियनांची सातवी. गंमत म्हणजे ल्यूथरनं मोजणी कॅथलिकांचीच ठेवली.

दुसरा मोठा मुद्दा: माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो कशानं? ल्यूथर म्हणाला, केवळ श्रद्धेनं, केवळ देवाच्या कृपेनं. सत्कृत्यं ही त्याची फळं, किंमत नव्हे. कॅथलिकांचा आग्रह होता, की कृपा पहिली हे मान्य, पण माणसानं तिला साथ द्यायला हवी आणि ती त्याला आतून बदलते. या एका मुद्द्यावर युरोपात घरं फुटली. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मूळ गाभ्यावर आपलं एकमत आहे, आणि सोळाव्या शतकात एकमेकांवर घातलेले शाप आजच्या या शिकवणीला लागू होत नाहीत, असा त्याचा आशय. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या घराण्यातल्या चर्चांचा जागतिक संघही त्यात सामील झाला. हे वाचून मी थक्क झालो. मूळ बग क्लोज झाला, आणि दोन्हीकडच्या युजर्सना कोणी कळवलंच नाही!

तिसरा मुद्दा संस्कारांचा. कॅथलिकांचे सात, त्यात लग्नही. प्रोटेस्टंट सहसा दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न त्यांनाही पवित्र, पण संस्कार या अर्थानं नाही. भाकर आणि द्राक्षारसाबद्दल कॅथलिक श्रद्धा अशी, की दिसायला ते तसंच राहतं, पण मुळात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. प्रोटेस्टंटांत याबद्दल एकमत नाही. ल्यूथर म्हणे ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो, झ्विंगली म्हणे ही आठवण आहे, आणि १५२९ मध्ये मारबुर्गला दोघं याच एका मुद्द्यावरून फाटले. कॅल्व्हिननं मधली वाट काढली. यामुळेच आजही कॅथलिक मिस्सामध्ये प्रोटेस्टंटांना सहसा कम्युनिअन देत नाहीत. एका टेबलाभोवती बसून न जेवणं, हे दुखणं दोन्हीकडचे शहाणे लोक कबूल करतात.

आणि मग मित्राच्या आईची मरियामाता. प्रोटेस्टंटांना वाटतं की कॅथलिक तिची पूजा करतात. कॅथलिक म्हणतात पूजा फक्त देवाची, मरियेचा आणि संतांचा सन्मान, आणि 'आमच्यासाठी प्रार्थना कर' एवढीच विनंती. शेजारच्या काकूंना सांगतोच ना आपण, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून? प्रोटेस्टंटांचं उत्तर, काकू जिवंत आहेत, आणि मध्यस्थ एकच, येशू. शिवाय मरियेबद्दलचे १८५४ आणि १९५० चे दोन सिद्धांत बायबलमध्ये कुठे आहेत ते दाखवा. वाद परत पहिल्या प्रश्नावर येतो, शेवटचा शब्द कोणाचा. पण तत्त्व सोडून प्रत्यक्षात बघायचं तर श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिथे जाऊन पाहा. नवस बोलायला येणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक असतात. कोण कुठल्या पंथाचा हे तिथे विचारून बघा, लोक तुमच्याकडेच विचित्र नजरेनं पाहतील.

फादर ब्रह्मचारी, पाळक लग्न करू शकतात. प्रोटेस्टंटांत अनेक ठिकाणी स्त्रिया पाळक होतात (दक्षिणेतल्या सीएसआय चर्चनं २०१३ मध्ये पहिली स्त्री बिशप नेमली), कॅथलिकांत नाही. ही यादी अजून वाढवता येईल, पण थांबतो.

*

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठीत हा वाद आयता आला आणि तसाच राहिला असं झालेलं नाही. मराठी माणसांनी त्यात डोकं घातलं आहे.

मराठीतलं पहिलं मोठं ख्रिस्ती काव्य, 'ख्रिस्तपुराण' (१६१६), लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. तिथे तेव्हा प्रोटेस्टंट सत्ता आणि कॅथलिकांवर बंदी. म्हणून देश सोडून ते जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला आले. म्हणजे त्या भांडणानं घराबाहेर काढलेला माणूस आपल्या ओवीला मिळाला! आणि नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ मध्ये छापलं प्रोटेस्टंट विल्यम कॅरीनं, तिकडे बंगालात, पंडित वैजनाथांच्या मदतीनं. एका पंथानं ओवी दिली, दुसऱ्यानं छापील गद्य. आपण दोन्ही घेतलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन चर्चमधल्या पण कॅथलिक वळणाच्या जोगिणींकडे. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात हाच प्रश्न आहे: मी शास्त्र वाचून माझ्या विवेकानं ठरवीन, की चर्च सांगेल ते मानीन? एक धर्माचं बंधन तोडून आलेली बाई दुसऱ्या धर्मगुरूंचं बंधन सहजासहजी स्वीकारायला तयार नव्हती. शेवटी त्यांनी मूळ भाषांचा अभ्यास करून स्वतःच अख्खं बायबल मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. शेवटचा शब्द कोणाचा, याचं रमाबाईंनी दिलेलं हे उत्तर.

आणि आमच्या मराठवाड्यातलीच अलीकडची गोष्ट. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला (आता धाराशिव) साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला.

मधल्या काळात दारंही किलकिली झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणणं सोडून 'दुरावलेले बंधू' म्हटलं आणि लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा आणला. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा प्रोटेस्टंट चर्चांनी एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते, बॅप्टिस्टही होते. रतनजी नवरोजींची आणि नारायण शेषाद्रींची चर्चं अशी एका छपराखाली आली.

त्याच १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहाचे नियम सैल केले. इथे मला माझ्या मित्राच्या होणाऱ्या बायकोचं उत्तर सापडलं. आधी कॅथलिक नसलेल्या जोडीदारालाही मुलांबद्दल हमी द्यावी लागे. आता वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, की मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायला मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यायची. आणि तिचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च पूर्ण वैध मानतं. तो पुन्हा घ्यावा लागत नाही, आणि दोघं बाप्तिस्मा झालेले म्हणून ते लग्न कॅथलिकांच्या लेखी संस्कारच ठरतं. म्हणजे 'परवानगी' तिच्या ख्रिस्ती असण्यावर शंका म्हणून नाही. तिला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं वाटलं. पण शब्द बदला म्हणावं."

मला तिचं पटलं.

अजून एक समान गोष्ट, जी धर्मशास्त्राच्या पुस्तकात नाही. आजोबांनीच सांगितली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले ओबीसीत मोजतात. "सरकारनं कधी विचारलं नाही, फादरवाले का पाळकवाले," आजोबा म्हणाले, "आणि गावानंही विचारलं नाही. पाणी द्यायचं नसलं की दोघांना सारखंच नाही म्हणायचे."

*

लग्न शेवटी कॅथलिक चर्चमध्ये झालं. मिस्साशिवाय, कारण मिस्सा ठेवला असता तर कम्युनिअनच्या वेळी निम्मी मंडळी उठली असती आणि निम्मी बाकांवर बसून राहिली असती. असा मिस्साशिवायचा विधी अधिकृतच आहे. जालन्याहून पाळकसाहेब आले होते, त्यांनी एक वाचन केलं आणि प्रार्थना केली. आजोबा पहिल्या रांगेत, ताठ. मित्राची आई दुसऱ्या बाजूला, हातात जपमाळ.

मग प्रभूची प्रार्थना आली, येशूनं शिकवलेली. सगळे उठले आणि मराठीत एका सुरात म्हणू लागले. मी वाचलं होतं म्हणून कान टवकारून उभा. कॅथलिक ही प्रार्थना वाइटापासून सोडवण्याच्या विनंतीपाशी संपवतात. प्रोटेस्टंट पुढे राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचं असल्याची ओळ म्हणतात. ती ओळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, पण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या वापरात फार पूर्वीपासून आहे. कॅथलिकही ती मिस्सामध्ये म्हणतात, फक्त जरा नंतर.

झालंही तसंच. डावी बाजू थांबली, उजवी पुढे गेली. एका ओळीपुरतं अर्धं चर्च गप्प, अर्धं बोलतंय. मित्राच्या आईनं मान वर करून पाहिलं. आणि मग 'आमेन' सगळ्यांचं एकदम.

परवा वाचलं, की ५ मार्च २०२२ रोजी जिनिव्हाच्या सेंट पिएर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे खुद्द कॅल्व्हिनच्या चर्चमध्ये, १५३५ नंतर पहिल्यांदा कॅथलिक मिस्सा झाला. यजमान प्रोटेस्टंट. ४८७ वर्षं लागली. त्या हिशोबानं जालना रोडवरची मंडळी फारच वेगवान म्हणायला हवीत.

मुलांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, उगाच गोड शेवट करत नाही. मित्रानं वचनावर सही केली आहे, तिनं ते वाचलं आहे, आजोबांनी ऐकलं आहे आणि त्यावर ते काही बोललेले नाहीत. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला धरलं आणि विचारलं, "तुमचं मत काय?"

मी म्हटलं, "आजोबा, मी तर बाहेरचा."

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले. "आतल्यांची मतं मला पाठ आहेत."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.